दिवेलागणीनंतर डोळ्यांचं काय होतं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचणारा माणूस रात्री रस्त्यावर चाचपडत असू शकतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. मी सर्जन नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नंबर काढणं, डोळे तपासणं आणि गरज वाटली की योग्य डॉक्टरकडे पाठवणं हे माझं काम, आणि ते मी २७ वर्षं नागपुरातच करतेय. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं मुद्दाम काढली आहेत.

प्रश्न: मॅडम नमस्कार. वय ६१, मानेवाड्याला राहतो, रिटायर आहो. मुलगी अमरावतीला दिली म्हणून महिन्यातून दोनदा तरी गाडी घेऊन जाणं होते. दिवसा काहीच त्रास नाही, पेपर वाचतो, दूरचे बोर्ड वाचतो. पण रात्री परत येताना समोरून ट्रक आला की दोन-तीन सेकंद काही दिसूनच नाही राहत, लाईटच्या भोवती गोल गोल चक्र दिसते. नंबर सहा महिन्याआधीच काढला, बरोबर आहे म्हणे. जावईबापू म्हणतात रात्रीचा पिवळा चष्मा घ्या, ऑनलाइन मिळते. घेऊ काय?

उत्तर: काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नका घेऊ. पिवळ्या काचेतून सगळं जरा उजळ उजळ वाटतं म्हणून लोकांना बरं वाटतं, पण काच रंगीत म्हणजे ती थोडा तरी उजेड खाणारच, आणि रात्री तुमच्याकडे आधीच उजेडाचा तुटवडा आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावून हे नीट तपासलं, पिवळा चष्मा घातल्यावर रस्त्यावरचा माणूस आधी दिसतो का, तर नाही, आणि समोरच्या हेडलाईटचा त्रासही त्यानं कमी झाला नाही.

आता नंबर बरोबर असून असं का होतं. तुमचा नंबर आम्ही उजळलेल्या तक्त्यावर काढतो, पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं. रात्री हायवेवर असं काही नसतं, तिथं करड्यावर करडं असतं, गडद शर्टातला सायकलवाला, मागे रिफ्लेक्टर नसलेली कापसाची बैलगाडी, डांबराच्याच रंगाचं बसलेलं जनावर. दोन जवळजवळच्या छटांमधला फरक ओळखायची ताकद ही वेगळीच गोष्ट आहे, आम्ही तिला कॉन्ट्रास्ट म्हणतो, ती वयाबरोबर हळूहळू उतरत जाते आणि साध्या तक्त्यात ते पकडलंच जात नाही.

दुसरं, डोळ्याची बाहुली. विशीत ती अंधारात ७-८ मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीत पाचच्या आसपास येऊन थांबते. ऐकायला फरक छोटा वाटतो पण क्षेत्रफळाचा हिशेब करा, आत जाणारा उजेड निम्म्यावर आला. त्यात डोळ्यातलं भिंग वयानं पिवळसर होतं, तेही थोडा उजेड अडवतं, सगळं मिळून साठीच्या डोळ्यात मागच्या पडद्यापर्यंत, जिथं चित्र उमटतं, विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे तुम्ही आणि जावईबापू एकाच गाडीत पुढे बसलेले असता आणि दोघांना वेगवेगळी रात्र दिसत असते, म्हणून त्यांना तुमचा त्रास कळत नाही, त्यांची चूक नाही त्यात.

पण ती चक्रं जी तुम्ही लिहिलीत, त्याकडे मी जास्त लक्ष देईन. लाईटभोवती गोल दिसणं आणि समोरच्या उजेडानं सगळं पांढरं होणं हे बऱ्याचदा मोतीबिंदूच्या सुरुवातीचं लक्षण असतं, भिंग किंचित धुरकट झालं की दिवसा काही जाणवत नाही, पण रात्री हेडलाईटचा झोत त्या धुरकटपणावर आपटून डोळ्यात सगळीकडे पसरतो. डोळे कोरडे असले तरी असं होतं. तेव्हा नुसता नंबर काढून थांबू नका, डोळ्यात थेंब टाकून, बाहुली मोठी करून भिंग आणि पडदा दोन्ही बघून घ्या, डोळ्याचं प्रेशरही बघा. त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवायला सांगा, थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं.

अजून एक गंमत आहे, काही लोकांना फक्त रात्री मायनस नंबर लागतो. इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मास्केलिन यांना १७८९ मध्ये हे स्वतःच्याच डोळ्यांवर जाणवलं, दिवसापेक्षा रात्री तारे स्पष्ट दिसायला त्यांना वेगळी काच लागायची. अंधारात डोळ्याला फोकस धरायला काही सापडत नाही, मग तो आपला जवळच कुठेतरी फोकस लावून बसतो, शिवाय बाहुली मोठी झाली की भिंगाच्या कडेचे किरणही आत येतात आणि चित्र पसरतं. हा फरक अर्धा-पाऊण नंबराचा असू शकतो. साठीत डोळ्याची फोकस बदलायची ताकदच संपलेली असते म्हणून तुम्हाला हे लागू पडायची शक्यता कमी, पण तिशीतल्या कोणाला रात्रीच बोर्ड पुसट दिसत असतील तर त्यांनी तपासणाऱ्याला हे आवर्जून सांगावं.

गाडी चालवताना करायचं ते हे की समोरून झोत आला की त्याच्याकडे बघू नका, आपल्या डाव्या बाजूची रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरा. काच आतूनही पुसा, बाहेरून सगळेच पुसतात, आतला चिकट थर कोणी पुसत नाही आणि उजेड सगळ्यात जास्त तिथंच फुटतो. चष्म्याला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग करून घ्या, ओरखडे पडले असतील तर काचा बदला. आणि वेग. डिपरवर साधारण ४०-५० मीटरपर्यंतच नीट दिसतं, ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे बैलगाडी दिसली, डोक्यात शिरली, पाय ब्रेकवर गेला, तेवढ्यात ते ४०-५० मीटर संपलेले असतात आणि गाडीनं थांबायला अजून सुरुवातच केलेली असते. खरं सांगू का काका, तपासणी होईपर्यंत मुलीकडे मुक्काम करा आणि सकाळी निघा, तिलाही आवडेल.

हे सगळ्यांसाठीच सांगून ठेवते, आपल्या नागपूरच्या मे महिन्याचं. भर उन्हात दोन-तीन तास उघड्या डोळ्यांनी फिरलं तर त्या संध्याकाळी डोळे अंधाराला सरावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतात, आणि रोज असं होत राहिलं तर परिणाम साठत जातो. आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो, डोळे मात्र उघडेच. दिवसभर फील्डवर असणाऱ्यांनी चांगला गडद गॉगल लावावा, आणि सूर्य मावळला की तो काढून ठेवावा.

प्रश्न: हाय मॅडम, मी २४ वर्षांची आहे, हिंगण्याला नोकरी करते. दोन-तीनदा असं झालं की रात्री झोपायच्या आधी कुशीवर पडून मोबाइल बघत होते, बाजूला ठेवला आणि पाणी प्यायला उठले तर उजव्या डोळ्यानं काहीच दिसेना, पूर्ण ब्लॅक. दहा-पंधरा मिनिटांनी नॉर्मल. घरी सांगितलं नाही कारण आई लगेच मोबाइल काढून घेईल. गूगल केलं तर ब्रेन ट्यूमर वगैरे आलं, मी दोन रात्री झोपलेली नाही.

उत्तर: अगं, पहिले एक श्वास घे. तू कुशीवर पडतेस ना, मला जवळजवळ खात्री आहे डाव्या कुशीवर, म्हणजे डावा डोळा उशीत दबलेला आणि उजवा एकटा स्क्रीनकडे बघतोय. उशीतला डोळा मस्त अंधाराला सरावून गेला, स्क्रीनवाला उजेडाला. मोबाइल ठेवून उठलीस तेव्हा एक डोळा रात्रीसाठी तयार आणि दुसरा अजून दिवसातच अडकलेला, म्हणून तो अंधारात आंधळा झाल्यासारखा वाटला, आणि जसा तो सरावला तसं दिसायला लागलं. २०१६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची केस एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापली होती, त्यांच्याही सगळ्या तपासण्या झाल्या होत्या आणि शेवटी एवढंच निघालं.

खात्री करायची असेल तर मुद्दाम करून बघ, एक दिवस उजव्या कुशीवर पडून उजवा डोळा झाकून बघ, मग डावा डोळा तसाच ब्लॅक व्हायला पाहिजे. आणि एक दिवस पाठीवर पडून दोन्ही डोळ्यांनी बघ, तेव्हा असं व्हायला नको. तसंच झालं तर झोप निवांत. पण हे लक्षात ठेव की मोबाइल, कूस, अंधार यातलं काही नसताना, भर उजेडात एका डोळ्यासमोर पडदा पडल्यासारखं झालं, किंवा चमका आणि काळे ठिपके एकदम दिसायला लागले, तर ते मोबाइलवर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. आणि आईला सांग गं. दोन रात्री एकटीनं घाबरत काढण्यापेक्षा मोबाइल गेलेला बरा.

प्रश्न: आमच्या महालातल्या वाड्यात कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध असते, पोरींची भुलाबाईची गाणी होतात आणि मग माझ्या सासूबाई सगळ्यांना चांदण्यात सुईत दोरा ओवायला लावतात, नजर तेज होते म्हणतात. माझ्या मुलानं (बारावी सायन्स) त्यावरून आजीशी वाद घातला. खरं काय? आणि अजून एक, चांदण्यात माझं जास्वंदीचं फूल काळं दिसत होतं, पानं मात्र पांढुरकी चमकत होती, हा भास का?

उत्तर: भास नाही, तुम्ही अगदी बरोबर बघितलंत, आणि हेच एका फार मोठ्या शास्त्रज्ञानं बघितलं होतं. यान पुर्किन्ये, बोहेमियातला, म्हणजे आजच्या झेक देशातला. १८१९ च्या सुमारास पहाटे फिरायला जाताना त्याच्या लक्षात आलं की दिवसा भडक दिसणारी लाल फुलं झुंजुमुंजू असताना काळपट दिसतात आणि हिरवं-निळं उठून दिसतं. आज आपल्याला कारण माहीत आहे. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, एक शंकूसारख्या, साधारण ६० लाख, त्या भरपूर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे त्यांच्यामुळे कळतात. दुसऱ्या दांड्यासारख्या, १२ कोटींच्या आसपास, त्या अगदी मंद उजेडात काम करतात पण त्यांना रंग कळत नाही, आणि लाल उजेड तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. दिवसा डोळा पिवळट हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, रात्री ती पसंती हिरवट निळ्याकडे सरकते. म्हणून जास्वंद काळी आणि पानं चमकदार. चांदणं आपल्याला निळसर थंडगार वाटतं तेही यामुळेच, प्रत्यक्षात चंद्राचा उजेड सूर्यापेक्षा किंचित तांबूसच असतो.

सुईचं म्हणाल तर दोरा ओवायला लागते ती बारीक नजर, आणि ती पडद्याच्या अगदी मधल्या टिचभर जागेत असते, जिथं फक्त शंकूपेशीच असतात, दांडीपेशी तिथं नाहीतच. पौर्णिमेचा उजेड म्हणजे लख्ख उन्हाच्या काही लाखाव्या भागाइतका, त्यात शंकूपेशी जेमतेम तग धरतात. नुसत्या दांडीपेशींवर बघायचं झालं तर आपली नजर ६/६० च्या आसपास उतरते, म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात वरचं एकटं मोठं अक्षर. तर सुई ओवून नजर वाढत नाही, मुलगा बरोबर आहे. पण ज्या घरात आजीला वर्षातून एकदा चांदण्यात दोरा ओवता येतोय का हे सगळे मिळून बघतात, त्या घरात तिची नजर उतरली तर ती पहिल्याच वर्षी लक्षात येईल, आणि आमच्याकडे येणाऱ्या किती म्हाताऱ्या माणसांचं कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं हे मी रोज बघते. त्यामुळे मुलाला म्हणावं, वाद घालू नकोस, सुई पुढं कर आणि कोणाला किती वेळ लागला ते वहीत लिही. सायन्सच आहे ते.

प्रश्न: आम्ही कॉलेजचे पाच जण पेंचला तारे बघायला गेलतो, तिकडे आता डार्क स्काय पार्क झालंय म्हणून. पहिले पंधरा मिनिटं तर सक्करदऱ्यात दिसते तेवढंच दिसलं. मग फोटो काढले, स्टेटस टाकले, परत वर पाहिलं तर अजूनच कमी. गाईड चिडला आमच्यावर. आमचं काय चुकलं?

उत्तर: स्टेटस चुकलं पोट्टेहो, बाकी काही नाही. पेंचला २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे खाली तोंड करून लावले, इतकी मेहनत आपल्या डोळ्यांना खरा अंधार मिळावा म्हणून लोकांनी घेतलीय, आणि त्या अंधारात तुम्ही खिशातून सूर्य काढलात.

काय होतं बघा. दांडीपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळट द्रव्य असतं, उजेड पडला की ते फुटतं आणि अंधारात हळूहळू परत तयार होतं. उजेडातून अंधारात आलं की पहिली ५-१० मिनिटं शंकूपेशी आपल्या परीनं सरावतात आणि तिथं जरा थांबल्यासारखं वाटतं, माणसाला वाटतं झालं, एवढंच दिसणार. खरा खेळ त्याच्यानंतर सुरू होतो, दांडीपेशी हळूहळू जाग्या होतात, पुरतं सरावायला ३०-४० मिनिटं लागतात आणि तोवर डोळ्याची ताकद सुरुवातीच्या मानानं लाखभर पट वाढलेली असते. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की पूर्ण सरावलेल्या डोळ्याला पडद्यावर ५ ते १४ प्रकाशकण टिपले गेले तरी चमक जाणवते. प्रकाशकण! याहून लहान उजेड जगात नसतोच. मला अजूनही हे वाचून अंगावर काटा येतो. आणि पंधराव्या मिनिटाला, आत्ता कुठं दांडीपेशी पुढं निघाल्या होत्या, तेव्हा तुम्ही भर ब्राइटनेसचा स्क्रीन चेहऱ्यासमोर धरला, म्हणजे पुन्हा श्रीगणेशा.

पुढच्या वेळी टॉर्चला लाल जिलेटिन कागद दोन-तीन पदरी लावा, वर जास्वंदीचं सांगितलं तेच कारण, दांडीपेशींना लाल उजेड जाणवत नाही म्हणून त्या झोपेतून उठवल्या जात नाहीत. मोबाइल गाडीत ठेवा. आणि अंधुक गोष्टीकडे सरळ बघू नका, जरा बाजूला बघा, हात लांब करून मूठ धरली तर तेवढ्या अंतरावर. नजरेच्या मधोमध दांडीपेशी नाहीत म्हणून सरळ बघितलेला फिका तारा गायब होतो आणि नजर सरकवली की परत येतो. कृत्तिकांवर करून बघा, तिरपं बघितलं की एक-दोन तारे जास्त मोजता येतात. मग देवयानी दीर्घिका शोधा, हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळनंतर डोक्यावर असते, धुरकट कापसाच्या बोळ्यासारखी. तो उजेड २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालाय, तुमच्या अर्ध्या तासानं त्याला काही फरक पडत नाही, थांबा जरा.

(तुमच्यापैकी एकानं शेवटी विचारलंय की वाघाचे डोळे टॉर्चमध्ये चमकतात, आपले का नाही. त्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो, पेशींच्या हातून निसटलेला उजेड परत उलटा येऊन दुसऱ्यांदा पकडला जातो. आपल्याकडे तो थर नाही. फ्लॅशच्या फोटोत आपले डोळे लाल येतात ते मागच्या रक्तामुळे.)

प्रश्न: रोज गाजराचा ज्यूस पिला तर रात्री चांगलं दिसते काय? आणि कमी उजेडात वाचल्यानं नंबर लागतो काय?

उत्तर: अ जीवनसत्त्व कमी असेल तर गाजरानं फायदा होतो, पुरेसं असेल तर बादलीभर प्यालात तरी जास्त दिसणार नाही, तळवे पिवळे होतील फक्त. गाजराची ही ख्याती दुसऱ्या महायुद्धात वाढली, ब्रिटिशांनी आपल्या रात्रीच्या वैमानिकांची नजर गाजरानं तेज झाली असं पसरवलं आणि विमानात बसवलेल्या रडारबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की एखाद्या दिवशी लाईन गेली म्हणून मिणमिणत्या उजेडात वाचलं तर डोळे थकतील, डोकं दुखेल, पण डोळा खराब होत नाही.

प्रश्न: सासरे ७८ वर्षांचे आहेत, रात्री तीनला बाथरूमला उठतात आणि दोनदा पडले. ट्यूबलाईट लावून ठेवली तर त्यांना झोप नाही येत.

उत्तर: ट्यूब नकोच. ती एकदम लावली तर ते दिपतात आणि बंद करून परत येताना त्यांना काहीच दिसत नाही, बरेच जण परततानाच पडतात. पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीपासून वीतभर उंचीवर पिवळसर मंद बल्ब लावा, माणूस आला की आपोआप लागणारे मिळतात ते उत्तम. उंबऱ्याला आणि पायरीच्या कडेला पांढरी किंवा पिवळी रुंद पट्टी चिकटवा, वयस्कर डोळ्याला करड्या फरशीवर करडी पायरी दिसत नाही. आणि उठल्यावर मिनिटभर पलंगावरच बसू द्या, चक्कर येऊ नये म्हणूनही ते बरं.

प्रश्न: ताई, आम्ही उमरेडच्या पुढे एका गावात राहतो. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. दिवसा चांगला खेळते, अभ्यास पण करते. पण सांज झाली की अंगणात चालताना कशालाही धडकते, ताटातलं दिसत नाही म्हणते, अंधारात मला सोडत नाही. घरचे म्हणतात भित्रा आहे. शाळेत मॅडम म्हणाल्या धांदरट आहे. मला काहीतरी वेगळं वाटून राहिलं. आमचं लग्न नात्यातलं आहे, हे माझे आत्याचे पोरगे. लिहून सांगा मी काय करू.

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्याला जागा जास्त लागणार होती. सगळ्यात आधी, तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. सात वर्षांचं लेकरू दिवसा न अडखळता खेळतं आणि संध्याकाळी ताटातलं दिसत नाही म्हणतं तेव्हा ते भित्रं नसतं, त्याला खरंच दिसत नसतं. याला रातांधळेपणा म्हणतात आणि याची तपासणी या आठवड्यातच व्हायला पाहिजे.

मुख्य दोन कारणं मनात ठेवून डॉक्टर बघतील. पहिलं अ जीवनसत्त्वाची कमतरता. मघाशी ज्या द्रव्याबद्दल लिहिलं ते अ जीवनसत्त्वापासूनच बनतं, जॉर्ज वाल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल मिळालं ते याच शोधासाठी. पोटात ते कमी गेलं किंवा गोवर, लांबलेली हगवण, कावीळ अशा आजारात कमी झालं की पहिले रात्रीचं दिसणं जातं. तुम्ही घरी एवढं बघा की डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, काळ्या बुबुळाच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा पांढुरका कोरडा डाग आहे का. आणि आठवा की हा त्रास लहानपणापासून आहे की काही महिन्यांतला, आधी मोठं आजारपण झालं होतं का, आणि नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात अ जीवनसत्त्वाचा डोस देतात ते किती झाले. एकूण नऊ असतात, लसीच्या कार्डावर लिहिलेले असतील, कार्ड सोबत न्या. हे कारण निघालं तर औषधानं काही दिवसांतच फरक पडतो. पण तो मोठा डोस डॉक्टरच ठरवतील, मेडिकलमधून आणून आपल्या मनानं देऊ नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर विषारी असतं. खायला शेवग्याचा पाला, पालक, चवळीची भाजी, आपलं लाल कोहळं, पपई, आंबा, चालत असेल तर अंड्यातलं पिवळं आणि कलेजी, आणि भाजीला तेलाची फोडणी हवी, तेलाशिवाय ते अंगी लागत नाही.

दुसरं कारण मला तुमच्या शेवटच्या ओळीमुळे लिहावं लागतंय. पडद्यातल्या दांडीपेशी हळूहळू मरत जाण्याचा एक आनुवंशिक आजार असतो, रेटिनायटिस पिगमेंटोसा. आईकडून आणि वडलांकडून दोन्हीकडून तोच दोष आला तर तो बऱ्याचदा दिसतो, आणि नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. यात कोणाचीही चूक नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि घरात कोणी तुम्हाला बोललं तर हे पान वाचायला द्या. जन्मापासून असणारा, पण पुढे न वाढणारा रातांधळेपणाही असतो. कोणता आहे ते पडदा तपासून आणि ईआरजी नावाच्या चाचणीवरून कळतं, डोळ्याला उजेड दाखवून पडद्याची विजेची हालचाल मोजतात, दुखत नाही. ती नागपुरात मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात किंवा मेडिकल कॉलेजात कुठं होते ते तुमचे डॉक्टर सांगतील.

मी हे इतकं जोर देऊन का सांगते, तर माझा सख्खा मामा. आर्वीजवळच्या गावात राहायचा, शेती करायचा. दिवेलागण झाली की तो ओट्यावरून हलायचा नाही, लग्नाच्या रात्रीच्या पंगतीला जायचा नाही, आणि सगळे त्याला घमेंडी म्हणायचे. आजीनं कलेजी खाऊ घातली, कोणी अंजन दिलं, कोणी अंगारा. लहानपणी मी पण त्याला हसले आहे, दारात ठेवलेल्या घंगाळ्याला तो धडकला तेव्हा. तो ३४ वर्षांचा असताना बैलाचं शिंग बाजूनं आलेलं त्याला भर दिवसा दिसलं नाही, तेव्हा कुठं तपासणी झाली आणि कळलं की त्याची बाजूची नजर पूर्ण गेलेली आहे, नळीतून बघावं तेवढंच उरलंय. ३४ वर्षं त्याला काय दिसत नाही हे कोणी विचारलंच नव्हतं. मी या लाइनमध्ये आले ते त्याच्यामुळे.

आजही या आजाराच्या बहुतेक प्रकारांवर पूर्ण बरं करणारा इलाज नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. एका ठराविक जनुकाच्या दोषासाठी जीन थेरपी निघाली आहे, अमेरिकेत २०१७ मध्ये तिला मंजुरी मिळाली, फार महाग आहे आणि फक्त त्याच प्रकाराला चालते. पण आजार लवकर कळला तर खूप काही करता येतं, शाळेत पुढच्या बाकावर उजेडात बसवणं, संध्याकाळी हातात चांगला टॉर्च, शिकवायची योग्य पद्धत, दिव्यांग प्रमाणपत्राच्या सवलती, आणि त्याच्या पाठच्या भावंडांची वेळेवर तपासणी.

तोपर्यंत, म्हणजे आजपासूनच, जेवायला त्याला दिव्याच्या अगदी खाली बसवा, ताट स्टीलचं आणि वरण-भात पांढरा असेल तर काही कळत नाही म्हणून गडद रंगाचं ताट घ्या, अंगणातल्या वस्तू रोज त्याच जागी ठेवा, आणि तो हात धरतो तेव्हा धरू द्या. शाळेतल्या मॅडमना मी वेगळी चिठ्ठी लिहून या पत्रासोबत पाठवतेय, ती त्यांना द्या. डॉक्टरकडे जाताना त्याच्या पाठचं भावंड असेल तर त्यालाही न्या. रिपोर्ट हातात आला की त्याचा फोटो मला पाठवा, पुढच्या अंकाची वाट नका पाहू, मी त्याच दिवशी उत्तर देईन.